कार्ड पुण्याचे, कर्नल परका

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, चालणारा छोटा प्रोग्रॅम. कार्डातल्या कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा कधी लिहायचा हे त्याला ठाऊक असावे लागते, आणि कर्नलने हाती दिलेले पॅकेट कार्डापर्यंत कसे पोहोचवायचे हेही. पहिली बाजू कार्डानुसार ठरते, दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमनुसार. म्हणूनच विंडोजचा ड्रायव्हर सोलॅरिसला चालत नाही आणि सोलॅरिसचा एआयएक्सला.

एकेकाळी कोल्हापुरापासून कॅलिफोर्नियापर्यंत घरोघरच्या संगणकांत दिसणारी रिअलटेकची ८१३९ चिप घेतली, तर हा प्रश्न जाणवतही नाही. तिचा लिनक्स ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो. कार्ड नवे असले किंवा सिस्टीम कमी वापरातली असली की अडचण सुरू होते. पुण्याच्या सी-डॅक या संगणन संशोधन संस्थेत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने परम मालिकेतल्या महासंगणकांसाठी परमनेट हे स्वतःचे नेटवर्क घडवले. १९९८ चा परम १०००० सन कंपनीच्या सर्व्हरांवर उभा होता आणि त्यावर सोलॅरिस चालत असे. त्यानंतरच्या परम पद्मसाठी आयबीएमचे पॉवर-४ प्रोसेसर आणि एआयएक्स ही युनिक्स घराण्यातली सिस्टीम निवडली गेली. त्याचे २४८ प्रोसेसर परमनेट-२ ने जोडलेले होते. वेग सेकंदाला २.५ गिगाबिट. जून २००३ च्या जागतिक ‘टॉप ५००’ यादीत तो १७१ वा होता. बातम्या या क्रमांकाच्या झाल्या. खरे तर कार्ड आणि त्यामागचे सॉफ्टवेअर हे या यंत्रातले सर्वांत आपले आणि सर्वांत कष्टाचे काम होते.

ड्रायव्हर आणि कार्ड यांची देवाणघेवाण साधारणपणे मेमरीतल्या एका गोलाकार यादीतून होते. रहाटगाडग्याप्रमाणे ड्रायव्हर एका बाजूने पोहरे भरत जातो आणि कार्ड दुसऱ्या बाजूने ते रिकामे करते. प्रत्येक नोंदीत पॅकेटचा पत्ता आणि लांबी असते. कार्ड तो मजकूर प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीतून उचलते. हा पत्ता मात्र कार्डाला कळेल असाच द्यावा लागतो. पॉवर-४ च्या यंत्रांत कार्ड आणि मेमरी यांच्यामध्ये पत्ते बदलणारी यंत्रणा बसवलेली असते. तिच्यात आधी नोंद न करता पत्ता दिला, तर कार्डाला हवी ती जागा सापडतच नाही.

दुसरी गोम बाइटच्या क्रमाची. पीसीआय जोडणीत आकड्याचा लहान भाग आधी येतो. एआयएक्स चालवणारा पॉवर प्रोसेसर मोठा भाग आधी धरतो. रिअलटेकच्याच चिपचे उदाहरण घेऊ. तिचा ओळख क्रमांक ८१३९१०ईसी. बाइट न फिरवता तो वाचला तर ईसी१०३९८१ असा दिसतो, आणि या नावाचे कार्ड जगात कोठेच नसते. ओळख चुकली तर ते लगेच ध्यानात येते. पॅकेटच्या लांबीत हीच चूक राहिली, तर ती शोधणे फार अवघड जाते.

एआयएक्सच्या स्वतःच्याही अटी आहेत. तिच्या कर्नलचा काही भाग मेमरीतून डिस्कवर जाऊ शकतो. म्हणून कार्डाने इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारा इशारा, दिल्यावर चालणारा कोड आणि त्याचा डेटा मेमरीत ‘पिन’ करून ठेवावा लागतो. एवढे राहून गेले, तर त्या क्षणी यंत्र कोसळते आणि पुढच्या पॅनेलवर ८८८ हा आकडा लुकलुकू लागतो. शिवाय उपकरणाची माहिती ओडीएम नावाच्या अंतर्गत डेटाबेसमध्ये नोंदवावी लागते. यंत्र सुरू होताना सीएफजीएमजीआर हा प्रोग्रॅम त्या नोंदी पाहून योग्य ड्रायव्हर चढवतो. नोंद नसेल तर निर्दोष ड्रायव्हरही डिस्कवर नुसता पडून राहतो. लिनक्समध्ये शंका आली की कर्नलचा कोड उघडून पाहता येतो. एआयएक्समध्ये ती सोय नाही, मार्गदर्शिका आणि प्रयोग यांवरच भिस्त ठेवावी लागते.

एवढे जमले तरी महासंगणकाला ते पुरत नाही. प्रत्येक संदेश कर्नलमधून गेला तर त्यातच बराच वेळ जातो. कॉम्पॅक, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या ‘व्हर्च्युअल इंटरफेस’ रचनेत यावर उपाय होता, आणि सी-डॅकच्या ‘क्षिप्र’ या संदेशवहन सॉफ्टवेअरने तोच मार्ग धरला. ड्रायव्हर सुरुवातीला मेमरी पिन करतो, कार्डाची काही रजिस्टरे प्रोग्रॅमच्या थेट हाती देतो आणि बाजूला होतो. पुढे प्रोग्रॅम स्वतःच कार्डाला सूचना देतो. यात जबाबदारी मोठी असते. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याची मेमरी वाचू नये, हे राखण्याचे काम ड्रायव्हरने आधी करून ठेवलेल्या नोंदींवर आणि कार्डावर येते.

२००८ मध्ये पुण्यात उभा राहिलेला परम युवा इंटेलच्या प्रोसेसरांवर आणि लिनक्सवर चालला. परमनेट-३ चा वेग १० गिगाबिटपर्यंत गेला. बाइट फिरवण्याची गरज उरली नाही आणि कर्नलचा कोडही समोर होता. मात्र लिनक्सच्या कर्नलमधली अंतर्गत फंक्शने आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे मूळ कर्नलबाहेर ठेवलेला ड्रायव्हर दर नव्या आवृत्तीला पुन्हा जुळवावा लागतो.