सकी डेव्हिसचं घर

लेकीकडे अमेरिकेला गेले की मॉल बघून चार दिवसांत कंटाळा येतो. जावईबापू म्हणाले, "आई, चला, तुम्हाला इथला एक वाडा दाखवतो." रॅलेहून दोन-अडीच तासांवर वॉशिंग्टन काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका म्हणा. सगळी सपाट शेती, मध्ये फेल्प्स तळं आणि काठावर सॉमरसेट प्लेस.

१८३०च्या दशकातलं, कॉलिन्स घराण्याचं १४ खोल्यांचं लाकडी घर. मी आधी भारावलेच! मग स्वयंपाकघर शोधलं, तर ते घराबाहेर. कोठीघर, दूधदुभत्याची खोली, सगळं वेगळं. तिथे राबणारे कोण, हे विचारल्यावर खरी गोष्ट कळली.

इथे पूर्वी नुसती दलदल. १७८६ मध्ये थेट आफ्रिकेतून जहाजाने सुमारे ८० माणसं गुलाम म्हणून आणली. त्यांच्याकडून तळ्यापासून नदीपर्यंत ६ मैल लांब, २० फूट रुंद कालवा हाताने खणून घेतला. मग भात लावला. चिखलातली लावणी म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. १८६५ पर्यंतच्या ८० वर्षांत ८००हून अधिक गुलाम इथे राबले.

त्यांची नावं शोधली डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड या बाईंनी. 'रूट्स' मालिका टीव्हीवर लागली १९७७ मध्ये. त्यानंतर त्या स्वतःच्या घराण्याचा माग काढायला लागल्या. खरेदीखतं, जुनी दफ्तरं, दहा वर्षं हेच! ३० ऑगस्ट १९८६ला त्यांनी सगळ्यांच्या वंशजांना या अंगणात बोलावलं. दोन हजारांवर माणसं आली, कॉलिन्सांच्या वंशातलीही. आज तिथे गुलामांची घरंही पुन्हा उभी केली आहेत, नावानिशी. हे सकी डेव्हिसचं, हे लुइस आणि ज्यूडीचं.

सकीच्या दारात मी थबकले. आमचा सासरचा वाडा आता पाडायचाय आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. चार पिढ्यांचे कर्ते पुरुष, फोटो, सनदा, सगळं जमवलंय. परसातल्या खोलीत जन्म काढलेल्या बाईंबद्दल मात्र एक ओळ नाही. गुलामी आणि मोलकरीण एक नव्हे, कळतं मला. तरीपण...

रात्री आत्याबाईंना फोन लावला.

"परसातल्या खोलीत राहायच्या, त्यांचं नाव काय हो?"

"कोण, भांडीवाली?"

"नाव, आत्याबाई."

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिचा नातू एसटीत आहे. विचारून सांगते."