उपवर्गाचा आरंभ : एका अहिराणी रूपाच्या निमित्ताने

भाषेची रूपावली संगणकाकडून सिद्ध करून घ्यावयाची झाल्यास तिची मांडणी वर्ग आणि उपवर्ग अशी करण्याचा मोह स्वाभाविक आहे. सामान्य नियम वर्गात लिहावेत, वेगळेपण तेवढे उपवर्गात नोंदवावे. उत्सर्ग आणि अपवाद यांच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटत नाही. आज्ञावलीच्या क्षेत्रात ती ओस्लो येथील डाल आणि न्यूगार्ड यांनी १९६७ च्या सिम्युला भाषेतून रूढ केली. परंतु व्याकरणातील नियमांस काळ नसतो, संगणकातील वस्तू मात्र क्रमाक्रमाने घडते. घोटाळा होतो तो नेमका येथे.

वस्तू निर्माण होताना आपोआप चालणारी कृती म्हणजे कन्स्ट्रक्टर. पुढे तिला रचक म्हटले आहे. उपवर्गाची वस्तू घडताना आधी मूळ वर्गाच्या रचकाचे काम पुरे होते, मग उपवर्गाच्या. वारशाने आलेले घटक सिद्ध असल्यावाचून उपवर्गाला त्यांवर विसंबता येणार नाही, हे त्याचे कारण होय. पायथॉनमध्ये मात्र उपवर्गाने स्वतःचा रचक लिहिला तर मूळ रचकाला हाक मारण्याची जबाबदारी लेखकावरच पडते, आणि ती विसरली जाते.

समजा, 'मराठी' या वर्गाचा रचक जन्मक्षणीच रूपांचा तक्ता भरतो. तो 'तु' हे अंग घेतो, चतुर्थीचा प्रत्यय सांगणाऱ्या कृतीला विचारतो, 'ला' मिळवतो आणि 'तुला' नोंदवतो. 'अहिराणी' या उपवर्गाने ती कृती बदलून लिहिली आहे. तिने सांगावयाचा 'ले' हा प्रत्यय उपवर्गाचा रचक बाहेरून घेऊन आपल्या कप्प्यात ठेवणार आहे. अपेक्षित रूप 'तुले'. जावा भाषेत मूळ रचकाच्या प्रश्नाला उपवर्गाचीच कृती उत्तर देते. पण कप्पा अद्याप रिकामा असल्याने तक्त्यात 'तु'पुढे 'नल' हा शून्यवाचक शब्द चिकटतो. सी प्लस प्लसमध्ये मूळ रचक चालू असेतोवर ती वस्तू केवळ मराठीच मानली जाते, आणि तक्त्यात 'तुला' येते.

यांपैकी दुसरी चूक अधिक घातक म्हटली पाहिजे. 'तुनल' कोणाच्याही डोळ्यांत खुपेल. 'तुला' हा निर्दोष शब्द आहे. जळगाव-धुळ्याकडील बोलीचा संग्रह अशा तक्त्यावर उभा राहिला, तर पुढचा संशोधक ते रूप प्रमाण मराठीचा प्रभाव म्हणून मोजेल. आज्ञावलीतील क्रमदोषाला भाषिक परिवर्तनाचा मान मिळेल!

उपाय अवघड नाही. रचकाने, उपवर्ग बदलू शकेल अशा कृतीला हाक मारू नये. प्रत्यय मूळ रचकालाच आरंभी हाती द्यावा, अथवा वस्तू पूर्ण घडल्यावर तक्ता भरावा. जावाच्या २०२५ मधील पंचविसाव्या आवृत्तीपासून मूळ रचकाला हाक मारण्यापूर्वी उपवर्गाला आपले कप्पे भरण्याची मुभाही मिळाली आहे.

तथापि अहिराणीला मराठीचा उपवर्ग करावे काय, हा प्रश्न उरतोच. ग्रियर्सनने १९०७ च्या खंडात खानदेशीची गणना भिल्ली भाषांबरोबर केली. मराठीचा खंड निराळा होता. हे वर्गीकरण वादग्रस्त आहे, पण आज्ञावलीच्या एका ओळीने तो वाद निकालात काढणे अधिकच अनुचित. दोन्ही एका अमूर्त वर्गाखाली समान पातळीवर ठेवल्यास मूळ वर्गापाशी 'ला' असणारच नाही, आणि राहून गेलेल्या चुकीला मराठीचा वेश घेता येणार नाही.