बीडमधली खंडणी आणि जातीची ढाल

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे डोणगाव टोलनाक्याजवळून अपहरण झाले आणि त्याच दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. पुढचे कित्येक महिने बीडमध्ये मराठा विरुद्ध वंजारी एवढीच भाषा ऐकू आली. भांडण मुळात पैशाचे होते, हे त्या गदारोळात मागे पडले.

मस्साजोगच्या शिवारात आवादा कंपनीचे पवनचक्कीचे काम चालू होते. सीआयडीच्या दोषारोपपत्रानुसार कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागण्यात आली. ६ डिसेंबरला काही जण आवारात घुसले आणि त्यांनी तिथल्या दलित सुरक्षारक्षकाला मारहाण केली. तेव्हा मध्ये पडले ते सरपंच देशमुख, जातीने मराठा. तिसऱ्या दिवशी त्यांना संपवण्यात आले. खंडणी, मारहाण आणि खून हे तिन्ही गुन्हे तपासयंत्रणेने एकाच साखळीत जोडले आणि आरोपींना मकोका लावला. मुख्य आरोपी वाल्मीक कराड हे तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांचे निकटवर्तीय, दोघेही वंजारी. मुंडे यांनी ४ मार्च २०२५ रोजी राजीनामा दिला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण गावातल्या एका रखवालदारासाठी सरपंच धावून गेला होता, ही गोष्ट जातींच्या हिशेबात कुठेच बसत नाही. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे.

खंडणी बीडमध्येच एवढी का फोफावली? पवनचक्कीची लांबलचक पाती गावागावातून न्यावी लागतात, क्रेन भाड्याने आणावी लागते, शेतातून रस्ता काढावा लागतो. कुठल्याही फाट्यावर गाडी अडवली की काम थांबते आणि भाडे चढत राहते. अडवणारा माणूस ‘वरचा’ असेल तर पोलिसांत जाण्यापेक्षा पैसे देणे कंपनीला स्वस्त पडते. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख आणि गोदापात्रातली वाळू यांचीही तीच गत. माल उघड्यावर, ठेका मोजक्यांच्या हातात आणि नफा रोखीत. दुसरीकडे जिल्ह्यात फारसे मोठे उद्योग नाहीत. बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन, कोयता उचलून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागे उरलेल्या तरुणाला ‘भाऊ’च्या ताफ्यातली गाडी हाच रोजगार दिसतो. त्याच्या गुन्ह्याला यातून माफी मिळत नाही, पण ही भरती कुठून होते ते कळते.

हिंसेच्या समर्थनाची पद्धत मात्र दोन्हीकडे सारखीच. आरोपींना आधी मारहाण झाली होती, त्यांची मानसिकताही पाहा, असे वंजारी समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या भगवानगडाचे महंत नामदेवशास्त्री म्हणाले. देशमुख कुटुंब भेटल्यावर त्यांनी गड कुटुंबाच्या पाठीशी असल्याचे सांगितले. पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते, कारण गडावरच्या शब्दाला इथे वजन असते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे आणि बीडमध्ये आमदार संदीप क्षीरसागर यांचे घर पेटवले गेले, तेव्हाही ‘लोकांचा संताप समजून घ्या’ असेच सांगितले जात होते. संताप खरा होता. म्हणून माणसे राहतात ते घर पेटवणे योग्य ठरत नाही. आपल्या माणसाने केली की प्रतिक्रिया आणि दुसऱ्याने केली की गुंडगिरी, हा न्याय मला मान्य नाही.

बीड पूर्वीपासून असेच होते, असे म्हणणाऱ्यांना दोन निवडणुकांची आठवण करून द्यावी लागेल. १९६७ साली या मतदारसंघाने क्रांतिसिंह नाना पाटील यांना कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत पाठवले. ते सांगली-साताऱ्याकडचे. इथे त्यांचे ना गोत, ना भावकी. १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. स्वातंत्र्यलढ्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारनेही दरोडेखोरांना आणि फितुरांना शारीरिक शिक्षा केल्या होत्या. त्या शिक्षांवर आक्षेप घेता येतो, मीही घेतो. पण त्यामागे कुणाचा ठेका नव्हता, की कुणाची टक्केवारी.

पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५ मध्ये पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढायला लावली. पाऊल चांगले आहे, पण अपुरे. राख, वाळू आणि पवनचक्की यांचे ठेके कुणाच्या नावावर आहेत याची यादी प्रत्येक तहसील कार्यालयाबाहेर लागली पाहिजे आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवली पाहिजे. बीडच्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत ही एकच मागणी लेखी द्यावी, आणि त्या अर्जावर सगळ्या आळ्यांतल्या माणसांच्या सह्या असाव्यात.