पाऊस आला, स्प्रिंकलर बंद!

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरात 1 जून ते 31 ऑगस्ट बागेत स्प्रिंकलर लावायला बंदी असते. हे तिथले थंडीचे महिने, आणि पावसाचेही. पाऊस पडत असताना बागेला पाणी घालतंच कोण, असं आपल्याला वाटेल. घालतो तो टायमर. भिंतीवर एक छोटा डबा आणि जमिनीखालून नळ्यांचं जाळं; तिथले लोक त्याला ‘रेटिक’ म्हणतात. एकदा वेळ लावून दिली की बाहेर धो धो कोसळत असलं तरी पहाटे हिरवळीवर फवारे सुरू. म्हणून बंदी स्प्रिंकलरवर आहे. हातात नळी धरून रोपांना पाणी द्यायला मुभा आहे. नियम मोडला तर दंड 100 डॉलर.

एरवी आठवड्यातून दोनच दिवस, तेही सकाळी 9च्या आत किंवा संध्याकाळी 6नंतर. वार ठरतात घर क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून.

एवढी कडक शिस्त का? 1970च्या दशकापासून या भागातला पाऊस पाचव्या हिश्शाच्या आसपास घटला, पण धरणांत येणारं पाणी त्याच्या कितीतरी पट आटलं. कोरडी जमीन आधी स्वतः पाणी पिते. ओढ्यात उतरतं ते उरलंसुरलं. मग सरकार समुद्राकडे वळलं. 2006मध्ये क्विनाना इथे खारं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला 45 अब्ज लिटर, म्हणजे दीड टीएमसीहून थोडी जास्त. पुढे बिनिंगअपला त्याहून मोठा प्रकल्प आला. 2017पासून सांडपाणी पिण्याइतकं शुद्ध करून जमिनीच्या पोटात सोडलं जातं. इतकी वीज आणि पैसा ओतून मिळवलेलं पाणी भिजल्या हिरवळीवर उडवणं ही निव्वळ नासाडी आहे.

त्यात पर्थची माती म्हणजे वाळू. उन्हाळ्यात तिच्या कणांवर मेणचट थर धरतो. पाणी घातलं की त्याचे थेंब वरच तरंगतात आणि घरंगळून जातात. वाळूत कंपोस्ट आणि चिकणमाती मिसळणं, वर आच्छादन घालणं, बँक्सिया किंवा कांगारू पॉसारखी तिथलीच झाडं लावणं, हे उपाय सरकारही सुचवतं.

मला या नियमाचं मोल वाटतं ते त्याच्या ठरलेल्या तारखेमुळे. आपल्याकडे पाणीकपात येते ती धरणानं तळ गाठल्यावर, आणि चार दमदार सरी आल्या की उठते. पर्थमध्ये धरण भरो न भरो, 1 जूनला टायमर बंद. त्या दिवसांत बागेचं काही अडत नाही, त्यामुळे लोकांनाही ते जाचत नाही.

घरच्या बोअरवेललाही सूट नाही. पूर्वी बोअरवेलवाल्यांना आठवड्यातून तीन दिवस मिळायचे. सप्टेंबर 2022पासून त्यांनाही दोनच, कारण बोअरवेल ज्याची त्याची असली तरी खालचा साठा सगळ्या शहराचा आहे.