मत गुप्त, शाई उघड!

मतदानाच्या दिवशी तुम्हाला सुट्टी असते, पण तुमच्या शाळेला नसते! वर्गातले बाक कडेला सरकतात, दारावर केंद्राचा क्रमांक चिकटतो, आवारात फक्कीच्या रेघा ओढल्या जातात आणि सकाळी सातच्या आधीच फाटकाशी रांग लागते. रांगेत दूध घालून आलेले काका असतात, कामावर निघालेली ताई असते, नातवाचा हात धरून आलेल्या आजी असतात. "आमची यादी कुठल्या खोलीत हो?" हा प्रश्न तर दिवसभर ऐकू येतो.

टेबलामागे बसलेली माणसं कोण असतात, माहीत आहे? त्यांतले बरेच जण शिक्षक असतात. तुमच्या बाई 'इलेक्शन ड्यूटी'वर दुसऱ्याच गावच्या शाळेत गेलेल्या असतात. आदल्या दिवशीच यंत्रं आणि साहित्याच्या पिशव्या ताब्यात घेऊन पथकं निघतात आणि अनेकांचा मुक्काम वर्गातच पडतो. 20 नोव्हेंबर 2024 ला महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी मतदान झालं, तेव्हा अशी एक लाखाहून जास्त केंद्रं मांडली होती. गडचिरोलीच्या दुर्गम भागात पथकं हेलिकॉप्टरने पोचवतात, तर नंदुरबारच्या नर्मदाकाठच्या गावांत होडीने.

एवढा खटाटोप कशासाठी? दोन प्रश्नांसाठी. पहिला, "या माणसाने मत दिलं का?" याचं उत्तर सगळ्यांना दिसायला हवं, नाहीतर कुणीही दोनदा मत देईल. दुसरा, "कुणाला दिलं?" याचं उत्तर कुणालाही कळता कामा नये, नाहीतर गावातला एखादा दांडगा माणूस धाक दाखवेल. एक उत्तर उघड, दुसरं गुप्त, आणि दोन्ही एकाच खोलीत, एकाच माणसाबद्दल! हे कसं जमतं? चला, रांगेतल्या त्या आजींच्या मागोमाग आत जाऊ.

पहिल्या टेबलावरचे मतदान अधिकारी आजींचं ओळखपत्र बघतात आणि त्यांचं नाव नि अनुक्रमांक मोठ्याने वाचतात. मोठ्याने का बरं? कारण खोलीत वेगवेगळ्या उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी बसलेले असतात. ते आपापल्या यादीत नाव बघतात. आजींच्या नावावर दुसरंच कुणी आलं असेल, तर तिथल्या तिथे हरकत घेता येते.

दुसऱ्या टेबलावर असते ती प्रसिद्ध शाई! बाटली एवढीशी असते, कलंडली तर पंचाईत. म्हणून एका भांड्यात वाळू किंवा भुसभुशीत माती घेऊन बाटली त्यात पाऊण उंचीपर्यंत रोवून ठेवतात. अधिकारी आजींच्या डाव्या हाताची तर्जनी आधी नीट बघतात. बोटाला तेल लागलेलं असेल तर फडक्याने पुसतात, कारण तेलकट कातडीवर शाई धरत नाही. मग नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ. त्यानंतरच नोंदवहीत सही किंवा अंगठा. आधी शाई, मग सही, या क्रमामागेही विचार आहे. सही करून पुढे जाईपर्यंत शाईला वाळायला वेळ मिळतो!

आता या शाईची करामत बघा. ती कर्नाटकातल्या मैसूरच्या एका सरकारी कारखान्यात तयार होते. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी 1937 मध्ये सुरू केलेला हा कारखाना आज 'मैसूर पेंट्स अँड वार्निश' या नावाने ओळखला जातो. शाईचं सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तयार झालं आणि 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई वापरात आली. पूर्ण सूत्र आजही गुप्त आहे. दुकानात ती विकत मिळत नाही. इतर अनेक देशांनाही मैसूरहूनच शाई जाते.

सूत्र गुप्त असलं, तरी त्यातला मुख्य गडी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं नाव सिल्व्हर नायट्रेट. होय, सिल्व्हर म्हणजे चांदीच! सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळतं आणि त्या द्रावणाला रंग नसतो. लावताना दिसावं म्हणून शाईत वेगळा रंग घालतात. तो रंग धुऊन जाईलही, पण चांदीचं काम तर पुढेच आहे. आपला घाम खारट लागतो ना? कातडीवर मीठ असतं, म्हणजेच सोडियम क्लोराइड. शाईतली चांदी त्यातल्या क्लोराइडशी जोडी जमवते आणि सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. हे पाण्यात विरघळत नाही. मग त्याच्यावर उजेड पडला की त्यातून चांदीचे अगदी सूक्ष्म कण सुटे होतात. पैंजणाची चांदी चकाकते, पण इतक्या बारीक कणांची चांदी काळी दिसते. म्हणून आजी केंद्राबाहेर उन्हात आल्या की रेघ हळूहळू गडद होत जाते! तुमच्या घरच्या जुन्या अल्बममधले कृष्णधवल फोटोही चांदीच्या अशाच क्षारांवर उजेड पडून तयार झाले आहेत.

मग साबणाने घासलं तर? उपयोग नाही. हे कण कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात रुतलेले असतात. पण तो थर कायमचा नसतो. वरच्या मृत पेशी सतत झडतात आणि खालून नव्या येतात. त्या झडल्या की कातडीवरची रेघही जाते. नखाची गोष्ट मात्र वेगळी. नख वरून झडत नाही, ते मुळापासून पुढे सरकतं, महिन्याला साधारण 3 मिलिमीटर. म्हणून नखावरचा डाग पुसला जात नाही, तो नखाबरोबर पुढे चालत जातो आणि काही महिन्यांनी नेलकटरखाली येतो.

थोडक्यात, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आजींच्या बोटावर लिहिलं गेलं. आता दुसरा प्रश्न.

तिसऱ्या टेबलावर बोटावरची शाई पुन्हा एकदा तपासतात आणि अधिकारी 'कंट्रोल युनिट' नावाच्या यंत्रावरचं एक बटण दाबतात. या बटणाने फक्त एक मत मोकळं होतं. तिकडे पुठ्ठ्याच्या आडोशामागे 'बॅलेट युनिट'वर हिरवा दिवा लागतो. आजी एकट्या आत जातात. नाव आणि चिन्ह बघून शेजारचं निळं बटण दाबतात. त्या नावापुढे लाल दिवा लागतो आणि शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे एक चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचं नाव, क्रमांक आणि चिन्ह असतं. बरोबर 7 सेकंद ती दिसते, मग कापली जाऊन आतल्या पेटीत पडते. पीऽऽ असा लांब आवाज येतो. झालं मतदान! आता आजींनी आणखी दहा वेळा बटण दाबलं, तरी दुसरं मत नोंदलं जात नाही. तिसऱ्या टेबलावरून पुढचं मत मोकळं होईपर्यंत यंत्र गप्पच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आजींचं नाव पहिल्या टेबलावर वाचलं गेलं, दुसऱ्या टेबलावर नोंदवहीत लिहिलं गेलं, पण यंत्राला ते कुणीच सांगितलं नाही! 'एक मत घे' एवढंच यंत्राला कळतं. चिठ्ठीवरही आजींचं नाव नसतं. नोंदवहीला माणूस ठाऊक आहे पण मत नाही, आणि यंत्राला मत ठाऊक आहे पण माणूस नाही. मला या सगळ्या मांडणीत हे सगळ्यात सुंदर वाटतं.

पण मत गुप्त असेल, तर ते बरोबर मोजलं गेलं हे कसं कळणार? त्यासाठीही सोय आहे. केंद्र उघडण्याच्या दीड तास आधी, म्हणजे तुम्ही साखरझोपेत असता तेव्हा, प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होतं. कमीत कमी 50 मतं देऊन बघतात, निकाल काढतात आणि चिठ्ठ्यांशी जुळवतात. मग यंत्र पुन्हा शून्यावर आणून सील करतात. दिवसभर केव्हाही यंत्रावर एकूण मतं किती झाली हे बघता येतं, पण कुणाला किती हे नाही. संध्याकाळी तो आकडा नोंदवहीशी ताडून बघतात आणि त्याचा हिशेब प्रतिनिधींनाही देतात. मतमोजणीच्या दिवशी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटमधल्या कागदी चिठ्ठ्या हाताने मोजतात.

आता एक कोडं. संध्याकाळी सहा वाजता मतदान संपायचं आहे, पण रांग मोठी आहे. सहाच्या ठोक्याला जे रांगेत आहेत, त्या सगळ्यांना मत देता येतं. त्यांना केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात, पण सुरुवात करतात रांगेच्या शेवटच्या माणसापासून! असं का? जरा थांबा, विचार करा. पुढून वाटायला लागलं, तर वाटता वाटता मागे आणखी माणसं येऊन उभी राहतील. मागून सुरुवात केली की शेपूट तिथेच बंद!

नियम करणाऱ्यांनी माणसांचाही असाच बारकाईने विचार केला आहे. डाव्या हाताची तर्जनी नसेल तर? डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट. डाव्या हाताला बोटंच नसतील, तर उजव्या हाताची तर्जनी किंवा दुसरं बोट. दोन्ही हातांना बोटं नसतील, तर हात जिथे संपतो तिथे शाई लावायची. म्हणजे हात नाही म्हणून मत नाही, असं कुणालाही म्हणता येत नाही! अंध मतदारांसाठी बटणांशेजारी ब्रेल आकडे असतात. हवा असेल तर सोबतीही नेता येतो, पण मत गुप्त ठेवण्याचं लेखी वचन त्याला द्यावं लागतं. आणि तुमच्या धाकट्या भावंडांसाठी खास बातमी, कडेवरच्या बाळाला आत यायला निवडणुकीच्या 1961 च्या नियमांनीच परवानगी दिली आहे. तुम्हाला मात्र 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबायचं आहे.

पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. दोन कामं देतो.

पहिलं काम, पुढच्या निवडणुकीनंतर घरातल्या दोघांच्या नखांवर लक्ष ठेवा, एक आजी किंवा आजोबा आणि एक तरुण मामा किंवा आत्या. नखाच्या मुळाशी स्वच्छ, शाई नसलेली पट्टी दिसायला लागेल. दर रविवारी मोजपट्टीने तिची रुंदी मोजून वहीत लिहा. कुणाचं नख जास्त वेगाने वाढतं? मोठ्यांच्या बोटावर सरकारने तुमच्या प्रयोगासाठी फुकट खूण करून दिलेली आहे, ती वाया घालवू नका!

दुसरं काम वर्गाचा मॉनिटर निवडायच्या वेळी करा. यंत्र नको, शाई नको. फक्त एक यादी, एक रिकामा डबा, एक आडोसा आणि सारख्या आकाराच्या कोऱ्या चिठ्ठ्या घ्या. डबा रिकामा आहे हे आधी सगळ्यांना दाखवा. मग अशी पद्धत ठरवा की प्रत्येकाने एकदाच मत दिलं हे सगळ्यांना दिसेल, पण कुणाला दिलं हे कुणालाच कळणार नाही. अक्षरावरून मत ओळखता आलं तर? कुणी दोन चिठ्ठ्या एकत्र घडी करून टाकल्या तर? गैरहजर मुलाच्या नावावर दुसऱ्यानेच मत दिलं तर? आधी अशा पळवाटा शोधा, मग त्या बुजवा. मोठ्यांची निवडणूकही अशीच एकेक पळवाट बुजवत घडत आली आहे, आणि उरलेल्या पळवाटा शोधायला तुमच्यासारखी चौकस डोकी लागणारच आहेत.