नागिणीवरील औषध आणि गर्ट्रूड एलियन

नाशिकच्या गंगापूर रोडवरील औषधांच्या दुकानांत नागिणीसाठी मिळणाऱ्या असायक्लोव्हिरच्या गोळीमागे ज्यांची तपश्चर्या उभी आहे, त्या गर्ट्रूड एलियन यांना, १९३७ मध्ये रसायनशास्त्राची पदवी मिळवूनही, शिष्यवृत्त्या नाकारल्या गेल्या, आणि पुढेही डॉक्टरेटवाचूनच संशोधन करावे लागले. १९४४ पासून बरोज वेलकम कंपनीत, केंद्रकाम्लांच्या घटकांशी साधर्म्य असलेले कृत्रिम रेणू घडविण्याच्या ज्या कार्यास त्यांनी स्वतःस वाहून घेतले, त्याचेच असायक्लोव्हिर हे फळ होय. नागिणीस कारणीभूत असलेल्या हर्पीस कुळातील विषाणूचेच विकर या रेणूस फॉस्फेट जोडून जागृत करते, विषाणूच्या डीएनएची साखळी तेथेच खुंटते, आणि निरोगी पेशी बहुतांशी अबाधित राहतात. मज्जातंतूंत सुप्त असलेला विषाणू त्याने समूळ नष्ट होत नसला, तरी १९८८ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ठरलेल्या या विदुषीचे ऋण आपण कृतज्ञतेने मानलेच पाहिजे.