वाहतुकीची कोंडी : शहराचा प्रश्न, गावासाठी धडा

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या काळी पुण्याच्या फौजा खर्ड्यापर्यंत आल्या होत्या. आज या परिसरातील तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. अशा असंख्य गावांतून आलेल्या माणसांनी पुणे वाढले आणि त्याबरोबर तेथील वाहतुकीचा प्रश्नही बिकट झाला.

टॉमटॉम या संस्थेने २०२४ साली केलेल्या जगातील ५०० शहरांच्या पाहणीत वाहतुकीच्या संथपणाबाबत पुण्याचा क्रमांक चौथा लागला. तेथे १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ज्याचा लौकिक होता, त्या शहराची ही अवस्था का व्हावी?

पुण्याच्या जुन्या पेठांतील रस्ते पादचारी आणि बैलगाड्या यांच्या सोयीने झालेले होते. पुढे पिंपरी-चिंचवडला कारखानदारी आली, हिंजवडीला संगणक उद्योग आला. परंतु घर आणि कामाची जागा यांतील वाढत्या अंतराला पुरेल इतकी बससेवा निर्माण झाली नाही. साहजिकच नागरिकांनी दुचाकीचा आणि मोटारीचा आश्रय घेतला.

केवळ रस्ते रुंद करून हा प्रश्न सुटत नाही, असा जगभरचा अनुभव आहे. नवी जागा नव्या वाहनांनी लवकरच भरून जाते. म्हणून सिंगापूरने १९७५ मध्ये गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसविले, तर कोलंबियातील बोगोटा शहराने २००० साली बससाठी स्वतंत्र मार्ग राखून ठेवले. पुण्यातही २००६ मध्ये राखीव बसमार्गाचा प्रयोग झाला. परंतु हा मार्ग सलग आणि मोकळा न राहिल्याने अपेक्षित लाभ पदरी पडला नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे मेट्रो सुरू झाली. तथापि, स्थानकापासून घरापर्यंत बस आणि चालण्याजोगा पदपथ असल्याखेरीज मेट्रोचाही पुरता उपयोग होणार नाही.

या प्रश्नाचे मूळ काही अंशी गावातही आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्यांपैकी अनेक गावांत शेतांचे तुकडे पडून इमारती आधी उभ्या राहिल्या आणि रस्त्यांचा विचार मागाहून झाला. घरे उठल्यावर रस्त्यासाठी जागा मिळविणे अत्यंत खर्चाचे आणि कटुतेचे ठरते. शेताच्या बांधावर जी जागा सहज सुटली असती, तिच्यासाठी पुढे वर्षानुवर्षे दावे चालतात.

खर्ड्यासारख्या बाजारपेठेच्या गावांनी यातून बोध घेणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ अन्वये सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे आणि अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस आहे. तो वेळीच वापरावा, बाजाराच्या दिवशी वाहने उभी करण्यास वेगळी जागा नेमून द्यावी आणि नव्या वस्तीची आखणी करताना रस्ता, गटार व पायवाट यांची जागा प्रथम सोडावी. शाळेभोवतीच्या रस्त्याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घेतल्यास शिक्षकांनाही या कामी हातभार लावता येईल.

शहराला आज जे कोट्यवधी रुपये खर्चूनही साधत नाही, ते गावाला आज ग्रामसभेच्या एका ठरावाने साधण्याजोगे आहे. उद्या ते तितके सोपे राहणार नाही.